कडेच्या रेषेवर कोणी उभे राहावे?

प्रश्न : शालेय फुटबॉल सामन्यात पंचांनी आम्हा पालकांना रेषेपासून मागे हटवले आणि आमच्या प्रशिक्षकांना चक्क पिवळे कार्ड दाखवले. जो खेळतच नाही, त्याला कार्ड कसे? — एक पालक, जळगाव

उत्तर : २०१९ च्या नियमबदलापासून संघाच्या प्रशिक्षकांना व अन्य पदाधिकाऱ्यांनाही पिवळे किंवा लाल कार्ड दाखवता येते. एवढेच नव्हे, तर बाकावरून गैरवर्तन नेमके कोणी केले हे कळले नाही, तर कार्ड तेथील सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाच्या वाट्याला येते. बाकाच्या दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे कडेच्या रेषेच्या एक मीटर अलीकडेपर्यंत, एवढीच त्यांची हद्द. तिथूनही एका वेळी एकानेच डावपेच सांगायचे असतात.

पालकांना कार्ड नसते, मात्र बाहेरच्यांचा अडथळा झाल्यास पंच सामना थांबवू शकतात. साहाय्यक पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूवर नजर ठेवून रेषेलगत आडवा धावत असतो. त्याच्या पायांत तुमची खुर्ची आली, तर ऑफसाइड (पास दिला जाताना त्या बचावपटूच्याही पुढे उभा असलेला आक्रमक) त्याच्या नजरेतून हुकणारच. आपल्याकडच्या मातीच्या मैदानांवर फक्कीची रेषा मध्यंतरापर्यंत पुसली जाते, म्हणून आयोजकांनी प्रेक्षकांसाठी मागे दोरी ताणावी.