कोडॅक झोपलं नव्हतं

जुन्या कंपन्या का बुडतात या विषयात तुम्ही नवे आहात म्हणून आधीच सांगतो: ‘कोडॅक ही फोटोच्या फिल्मची बडी अमेरिकी कंपनी बुडाली, कारण तिला डिजिटल दिसलंच नाही’ असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. 1975 साली डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. साडेतीन किलोचं धूड, एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद, आणि बघायचा टीव्हीवर! अडचण वेगळीच होती. कंपनीचा पैसा फिल्मचे रोल, फोटोचा कागद आणि तो धुवायची रसायनं यांत होता. (आमच्याकडे 36 फोटोंचा एक रोल बारशापासून दिवाळीपर्यंत पुरवायचे, धुवायला टाकला की पुन्हा खर्च.) डिजिटलमध्ये हा रतीबच बंद. पुढे त्यांचे डिजिटल कॅमेरे खपलेही, पण त्यात तेवढा नफा सुटेना. 2012 मध्ये दिवाळखोरी.

फुजीफिल्म या फिल्मच्याच धंद्यातल्या जपानी कंपनीने मात्र आपल्याला रसायनं कळतात हे ओळखलं. फिल्मचं तंत्र एलसीडी पडद्यांना लावलं, कोलॅजनचं (फिल्ममध्येही लागणारं, त्वचेतलं प्रथिन) ज्ञान चेहऱ्याच्या क्रीममध्ये.

तेव्हा जुनी कंपनी अभ्यासायला घेतलीत, की प्रयोगशाळेआधी हिशेबाची वही उघडा. नफा नेमका कुठल्या मालावर सुटतो ते बघा, आणि बढत्या कुठल्या विभागातल्यांना मिळतात तेही.