आजाराचं मूळ प्रयोगशाळेत सापडलं तरी औषध यायला इतकी वर्षं का लागतात?

कारण मूळ सापडणं ही अर्धीच लढाई. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचंच बघा. १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या दोघा संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यातून दोन जनुकं चिकटतात आणि असं एक एन्झाइम तयार होतं, जे पेशीला वाढायचा हुकूम देतच राहतं. दाबलेलं बटण अडकून बसावं तसं.

हे बटण सोडवणारं इमॅटिनिब नावाचं औषध अमेरिकेत मंजूर झालं २००१ मध्ये. म्हणजे ४१ वर्षं! आणि हे तसं नशीबवान प्रकरण, कारण बिघाड मुख्यतः एकाच जागी होता. अल्झायमरमध्ये असा एकच दोषी सापडत नाही. शिवाय उंदरावर लागू पडलेलं औषध माणसावर चालेलच असं नाही.

इमॅटिनिबलाही काही रुग्णांच्या पेशी पुढे दाद देईनाशा होतात. एन्झाइमचा आकार किंचित बदलतो आणि औषध तिथे बसतच नाही. म्हणून मग डॅसॅटिनिबसारखी पुढची औषधं शोधावी लागली.