डिझाइनवरचा खर्च वसूल होतो का? वाचकांचे प्रश्न

अ‍ॅप किंवा वेबसाइट करून घेणाऱ्या नागपुरातल्या व्यापाऱ्यांचे मेल येतात. दुकान बदलतं, मोहल्ला बदलतो, घोळ तोच असतो. म्हणून एकदाच लिहिते.

प्रश्न: इतवारीत आमचं फरसाणाचं दुकान आहे. वेबसाइटचा लोगो आणि रंग बदलले तर ऑनलाइन विक्री वाढेल का?

नाही. विक्री कुठे अडते ते कळल्याशिवाय रंगकाम काढू नका.

प्रश्न: धरमपेठेत साड्यांचा व्यवसाय आहे. एका एजन्सीने सांगितलं की यूएक्सवर, म्हणजे गिऱ्हाइकाला साइट वापरायला सोपी जावी यासाठी, घातलेला १ रुपया १०० रुपये परत देतो. खरं आहे का?

हा आकडा जवळजवळ प्रत्येक एजन्सीच्या स्लाइडवर असतो. कुठल्या धंद्यात, किती वर्षांत, कसा मोजला असं विचारलं की समोरचा लॅपटॉपचा चार्जर शोधायला लागतो. सोडून द्या.

त्यातल्या त्यात धड पाहणी मॅकिन्झी या सल्लागार कंपनीची, २०१८ सालची. शेअर बाजारात नोंदलेल्या ३०० कंपन्या त्यांनी पाच वर्षं तपासल्या. डिझाइनमध्ये वरच्या चौथाईत बसलेल्यांची उत्पन्नवाढ त्यांच्या क्षेत्रातल्या इतरांपेक्षा ३२ टक्के-अंकांनी जास्त निघाली. पण त्या मोठ्या कंपन्या, आणि ज्यांचा कारभार मुळात चोख त्या डिझाइनही नीट करणारच. ३२ हा आकडा तुमच्या दुकानाला लागू नाही.

तुमचा हिशेब तुमच्याच वहीतून काढा. समजा महिन्याला २,००० जण कार्टमध्ये साडी टाकतात, ६०० जण पैसे भरतात आणि सरासरी ऑर्डर १,५०० रुपयांची आहे. मधला अडथळा काढून ६०० चे ६६० झाले तर ९०,००० ची जादा विक्री. नफा २० टक्के धरला तर १८,००० हातात. म्हणजे १,८०,००० चं काम दहा महिन्यांत फिटतं. परत आलेला माल, कुरिअर, पेमेंट गेटवेचं कमिशन यात धरलेलं नाही, म्हणून सही करण्याआधी हे आकडे सीएला दाखवा.

प्रश्न: महालात आमचा सावजी मसाल्याचा घरगुती धंदा आहे. अ‍ॅप होऊन वर्ष झालं. लोक डाउनलोड करतात, पण ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच देतात. डेव्हलपर म्हणतो आपल्या लोकांना सवय नाही, थोडं थांबा. थांबावं का?

वर्षभर थांबलात ते पुष्कळ झालं. सवय नाही म्हणे! हेच लोक बर्डीच्या बाजारात दहा रुपयांच्या चहाचे पैसे स्कॅन करून देतात.

मला सांगा, तुमचं अ‍ॅप वापरणाऱ्या एका तरी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून तुम्ही पाहिलंय? कोणीच पाहत नाही, आणि माझं सगळं भांडण याच्याशी आहे. अ‍ॅप पास कोण करतं? मालक, मालकाचा मुलगा आणि डेव्हलपर. ऑफिसच्या वायफायवर, महागड्या फोनवर. कुठलं बटण कुठे आहे हे तिघांनाही पाठ. ज्यांनी पैसे द्यायचे ते त्या खोलीत नसतातच.

शहरातल्याच एका किराणा दुकानाच्या अ‍ॅपची चाचणी मी घेत होते. पन्नाशीच्या एका काकूंनी तूरडाळ आणि पोहे कार्टमध्ये टाकले, पत्ता लिहिला, पिनकोडपाशी आल्या आणि थांबल्या. कीबोर्ड वर आला होता, ‘पुढे’चं बटण त्याच्याखाली दडलं होतं आणि पडदा सरकत नव्हता. जरा वाट पाहून त्या मागे गेल्या, तर लिहिलेला पत्ता पुसला गेला. ‘राहू द्या, दुकानात फोनच लावते,’ म्हणाल्या. मालकांच्या मोठ्या पडद्याच्या फोनवर तेच बटण कीबोर्डच्या वर दिसत होतं, त्यामुळे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. डेव्हलपरचं म्हणणं तेच, लोकांना सवय नाही.

वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे अमेरिकेतले जेरेड स्पूल यांनी २००९ साली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकीकत लिहिली. तिथे पैसे भरण्याआधी नोंदणी सक्तीची होती. ‘नोंदणी करा’ हे बटण काढून ‘पुढे चला’ ठेवलं आणि खातं उघडायची गरज नाही अशी ओळ टाकली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आता हे वाचून उद्या सकाळी बटण बदलायला सांगू नका. त्यांनी आधी माणसं बसवून खरेदी करताना पाहिली, म्हणून ते बटण सापडलं. तुमच्याकडे अडथळा वेगळाच असेल. ओटीपी असेल, पिनकोड असेल, ‘पाव किलो’ हा पर्यायच नसेल.

याच विषयातले दुसरे जाणकार जेकब नील्सन २००० सालापासून सांगताहेत की एकाच प्रकारचे पाच वापरणारे पाहिले की बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. तुमचे नेहमीचे पाच गिऱ्हाईक बोलवा. फोन त्यांचा, डेटाही त्यांचाच. ‘अर्धा किलो मसाला घरी मागवा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट दाखवायचं नाही, ‘आवडलं का’ विचारायचं नाही. आपल्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या. पाच जणांवरून टक्केवारी मात्र काढू नका. जे दिसेल ते बाहेरच्या डिझायनरला दाखवा. ज्याने पेपर लिहिला त्यालाच तपासायला देऊ नये.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत सुट्या भागांचा कारखाना आहे. डीलरांसाठी ऑर्डरचं पोर्टल बनतंय. डिझायनर शेवटी आणला तर चालेल ना?

नाही चालणार. शेवटी आणलेला डिझायनर फक्त रंग लावू शकतो. समजा डीलरला एकाच ऑर्डरमधला अर्धा माल अमरावतीला आणि अर्धा वर्ध्याला हवा आहे, आणि तुमच्या डेटाबेसमध्ये एका ऑर्डरला एकच पत्ता बसतो. कागदावर असताना हे दहा मिनिटांत सुटतं, कोड झाल्यावर सगळं पुन्हा उकलावं लागतं. डीलरला दुसरा पर्याय नसतो म्हणून तो तक्रार करत नाही, तुमच्या ऑफिसला फोन करतो. ‘ऑर्डर गेली का’ विचारणारे फोन आठवडाभर मोजा, खर्च तिथे दिसेल. काम थांबवायचं की नाही हे करार पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. करार आणि आराखडा घेऊन याच आठवड्यात कोणाला तरी भेटा.

प्रश्न: स्पर्धकाच्या साइटवर ‘ऑफर १० मिनिटांत संपणार’ असं घड्याळ आहे आणि ५ रुपयांची देणगी आपोआप टिक केलेली असते. माझा वेबवाला म्हणतो आपणही लावू, विक्री वाढते.

पानाला रिफ्रेश मारा. घड्याळ पुन्हा दहापासून सुरू झालं, तर ती थाप आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्या, सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यात आहे आणि न विचारता कार्टमध्ये रक्कम घालणंही आहे. स्पर्धक करतो हे उत्तर तिथे चालत नाही. आधीच लावलं असेल तर आज काढा आणि वकिलाशी बोला. वेबवाला बदलायचा का, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: रामदासपेठेत पॅथॉलॉजी लॅब आहे. वयस्क रुग्णांना ऑनलाइन रिपोर्ट वाचता येत नाही. मुलगा म्हणतो झूम करावं.

मुलाला चष्मा काढून वाचायला सांगा. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, फिकट राखाडी अक्षरं तिथेच नापास होतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं आहे. सुगम्यतेचं, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी याचं, काम जाणणाऱ्याकडून एकदा तपासणी करून घ्या.

प्रश्न: डिझायनर नागपूरचा घ्यावा की पुण्याचा?

कुठलाही. पहिल्या भेटीत तो तुमच्या गिऱ्हाइकांना भेटायचं म्हणत नसेल आणि थेट जुन्या कामांचे फोटो दाखवत असेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.