कंसांचा क्रम आणि मडकईचे नाटक

प्रश्न: आमच्या भागात जत्रांना होणाऱ्या मराठी नाटकांची यादी मी एक्सएमएलमध्ये ठेवतो. प्रत्येक 'गाव' टॅगच्या पोटात त्या गावची 'नाटक' टॅग, नाटकाला 'प्रकार' हे अॅट्रिब्यूट. दर गावचे पहिले संगीत नाटक हवे म्हणून //नाटक[1][@प्रकार='संगीत'] असे लिहिले. बाकी गावांची नाटके आली, मडकईचे आलेच नाही. अटी तर दोन्ही बरोबर आहेत ना?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अटी बरोबर आहेत, क्रम उलटा झाला आहे. एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएल फाइलीतून हवे ते भाग निवडायची तुम्ही वापरलेली भाषा, चौकटी कंस डावीकडून उजवीकडे घेतो आणि प्रत्येक कंसाच्या वाट्याला आधीच्या कंसातून उरले तेवढेच येते. तुम्ही पाठवलेल्या फाइलीत मडकईची नाटके अशी आहेत: ऐतिहासिक, संगीत, संगीत. पहिल्या कंसाने ऐतिहासिक तेवढे ठेवले. ते संगीत नाही, म्हणून दुसऱ्या कंसाने तेही काढून टाकले. एरर नाही, काही नाही, नुसते रिकामे उत्तर. मला एक्सपाथचा राग येतो तो इथेच.

//नाटक[@प्रकार='संगीत'][1] असे लिहा. आता आधी दोन संगीत नाटके उरतात, त्यांना क्रमांक नव्याने मिळतात आणि यादीतले दुसरे नाटक पहिले ठरते.

दोन्ही अटी एकाच कंसात 'अँड'ने जोडायचा मोह होईल. तसे केलेत तर 'अँड'शेजारचा 1 हा क्रमांक राहतच नाही, त्याचा अर्थ नुसता 'खरे' एवढाच होतो आणि सगळीच्या सगळी संगीत नाटके तुमच्या पुढ्यात येतात. 'पोझिशन' फंक्शन वापरून क्रमांक तपासलात तरी तो मूळ यादीतलाच असतो, म्हणजे मडकई पुन्हा गायब. क्रमांकाचा संबंध नसेल, समजा प्रकार आणि वर्ष एवढेच तपासायचे असेल, तर कंस कसेही लावा.

आणखी एक. इथला [1] दर गावाला वेगळा लागतो. साऱ्या फाइलीतले एकच पहिले संगीत नाटक हवे असेल तर आधीचा भाग गोल कंसात घाला: (//नाटक[@प्रकार='संगीत'])[1]. एक्सपाथच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून हे असेच चालत आले आहे.

टॅगची नावे देवनागरीत ठेवलीत हे मला फार आवडले, एक्सएमएलला ती चालतात. कंसातला आकडा मात्र इंग्रजीच ठेवा. देवनागरी '१' तिथे आकडा म्हणून चालत नाही.