वरचा मजला द्या, भिंतीची घाई नको

प्रश्न : आमच्या जुन्या पेठेतल्या रस्त्याचा 'कलारस्ता' करायचं चाललं आहे. तिथे आमची वडिलोपार्जित इमारत आहे. खाली भाडेकरू दुकानदार, वरचा मजला कित्येक वर्षं बंद. समिती म्हणते, दर्शनी भिंतीवर चित्र काढू द्या आणि वरची जागा चित्रकारांना कमी भाड्याने द्या. काय करावं?

उत्तर : वरचा मजला जरूर द्या. भिंतीचं मात्र थांबा.

जुन्या इमारतींच्या डागडुजीत माझी हयात गेली. चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते. भिडेपोटी मी एकदा अशी भिंत रंगवू दिली. दुसऱ्या पावसाळ्यात चित्रातल्या बाईचा अर्धा गाल गिलाव्यासकट माझ्या हातात आला. मागे विटेचा नुसता भुगा. चित्र हवंच असेल तर फळ्यांवर रंगवून घ्या आणि भिंतीपासून दोन बोटं सोडून टांगा.

रस्त्यात जीव येतो तो वरच्या मजल्यांमुळे. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले कारखाने उठले तेव्हा उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे रिकामे मजले चित्रकारांनी धरले. तिथे राहणं बेकायदा होतं. 1961 मध्ये शहराने मुभा दिली, पण दाराशी 'ए. आय. आर.' (आर्टिस्ट इन रेसिडेन्स, म्हणजे इथे कलावंत राहतो) अशी पाटी आणि मजल्याचा आकडा लावायचा. आग लागली तर बंबवाल्यांना कळावं, वर माणूस राहतो. कुठल्याही भित्तिचित्रापेक्षा मला ती पाटी आवडते. 1971 मध्ये जमीनवापराचे नियमच बदलून कलावंतांचं तिथलं राहणं कायदेशीर झालं, 1973 मध्ये परिसराला वारशाचा दर्जा मिळाला. पुढे भाडी अशी चढली की ज्यांच्यामुळे सोहोचं नाव झालं, त्यांतल्या कितीतरी जणांना गाशा गुंडाळावा लागला. जागा स्वतःच्या नावावर असलेल्यांना तग धरणं सोपं गेलं. जॉर्ज मॅच्यूनस या कलावंताने 1967 मध्येच वूस्टर स्ट्रीटवरची 80 नंबरची इमारत कलावंतांच्या सहकारी मालकीसाठी घेतली होती.

तुम्ही मालकी देणार नाही, हे उघड आहे. मग करार तरी लांब मुदतीचा करा आणि भाडेवाढ आजच आकड्यांत लिहा. खालच्या दुकानदारालाही तोच न्याय. तो उठला की रस्ता फक्त संध्याकाळी जागा होतो.

आणि चावी देण्याआधी तुळया भिंतीत शिरतात तिथे टोचा मारून लाकूड कुजलंय का ते बघा, वायरिंग नवं करा, जिन्याचं वळण मोजा. सहा फुटी कॅनव्हास हमखास तिथेच अडकतो.