तंत्रशंका : ट्रकमधला सीबी म्हातारा झाला की अँटेना?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली नऊ वर्षे अमेरिकेत इंडियाना ते कॅलिफोर्निया अशा लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो. माझ्या ट्रकमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला चाळीस चॅनलचा सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे चालकांनी आपसात बोलण्याचा) रेडिओ आहे आणि त्याचे वय पंधरा वर्षांच्या पुढे असावे. पूर्वी चार-पाच मैलांवरच्या गाड्यांशी सहज बोलणे होई. यंदाच्या हिवाळ्यानंतर मात्र अर्ध्या मैलावरच्या माणसालाही माझे बोलणे नीट ऐकू जात नाही. मला इतरांचे येते, पण क्षीण येते आणि त्यावर सतत खरखर असते. मध्येच आवाज पूर्ण बंद पडतो, माइकची वायर हलवली की परत येतो. एका ट्रक स्टॉपवरील दुकानदाराने ‘ट्यून करून पॉवर वाढवून देतो’ असे सांगितले, तर सोबतचे चालक म्हणतात की हा डबा फेकून नवा घे. दुरुस्त करावा की बदलावा?
— एक वाचक, इंडियानापोलिस

उत्तर : आपल्या पत्रात खरे तर तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकाच डब्याच्या माथी मारल्या गेल्या आहेत. आवाज मध्येच बंद पडणे ही एक, दोन्ही बाजूंनी पल्ला घटणे ही दुसरी आणि खरखर ही तिसरी. यांपैकी एकीचाही दोष बहुधा सेटच्या आत नाही, असे आपले वर्णन वाचून मला वाटते. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या सेटसाठी खिशात हात घालू नये.

पहिली तक्रार सर्वांत सोपी. त्या पिढीच्या अनेक सेटमध्ये चार पिनांचा माइक असतो आणि स्पीकरचे सर्किट माइकच्या बटणातूनच पूर्ण होते. बटण सुटलेले असते तेव्हा ऐकण्याचा मार्ग जोडलेला राहतो आणि बटण दाबले की तो तुटून बोलण्याचा मार्ग जोडला जातो. त्यामुळे माइक काढून ठेवला तर असा सेट मुका तर होतोच, शिवाय बहिराही होतो. पंधरा वर्षे ताणल्या-सोडल्या गेलेल्या वेटोळ्या वायरीतील एखादी तार प्लगच्या तोंडाशी, नाहीतर माइकमध्ये शिरते त्या जागी आतून तुटते. वरचे रबर मात्र शाबूत दिसते. वायर हलवल्यावर आवाज परत येतो ही त्याची खूणच आहे. प्लग उघडून दोन-तीन सेंटिमीटर वायर कापून नव्याने सोल्डर करावी किंवा सरळ नवा माइक घ्यावा. मात्र चार पिनांचा प्रत्येक माइक चार पिनांच्या प्रत्येक सेटला चालतो असे समजू नये. प्लग बसतो, पण कोणत्या पिनवर काय जोडले आहे हे कंपनीगणिक बदलते.

आता मुख्य तक्रार. ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी मंदावली, तर दोन्हींत समाईक काय आहे ते पाहावे, आणि समाईक असतात अँटेना, त्याची केबल व त्याचे अर्थिंग. केवळ बोलणे बिघडले असते आणि ऐकणे पूर्वीइतकेच खणखणीत असते, तर मी माइककडे किंवा सेटमधील शेवटच्या ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवले असते. आपल्या बाबतीत दोन्ही घटले आहे आणि तेही हिवाळ्यानंतर. इंडियानाच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. तेच खारे पाणी आरशाच्या दांडीवर बसवलेल्या अँटेनाच्या बुडाशी जाऊन मुरते.

ट्रक बंद करून ते बूड एकदा खोलून पाहावे. अँटेना ज्या खुंटावर बसतो तो दांडीच्या पट्टीतून आरपार गेलेला असतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्या किंवा काळ्या नायलॉनचा छोटा वॉशर असतो. खुंट आणि पट्टी यांचा एकमेकांना स्पर्श होऊ न देणे एवढेच त्या वॉशरचे काम. तो तडकला, झिजला किंवा घट्ट आवळताना चिरडला की अँटेना सरळ ट्रकच्या सांगाड्याला चिकटतो. पट्टीच्या खालच्या बाजूस केबल जिथे जोडली जाते तिथे हिरवट भुकटी दिसली तर तो तांब्यावर चढलेला गंज आहे. मी ही जागा दिसायला स्वच्छ असताना आत पाणी भरलेलेही पाहिले आहे, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये.

साधा मल्टिमीटर असेल तर दोन मोजमापे पुरतात. अँटेना पिळून काढून ठेवावा, केबलचे सेटकडील टोक सोडवावे आणि प्लगची मधली पिन व बाहेरचे कडे यांच्यामध्ये मीटर बझरवर (जोडणी तपासण्याच्या खुणेवर) ठेवून लावावा. बझर वाजता कामा नये. वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा त्या वॉशरपाशी, नाहीतर प्लगमध्ये जाळीची एखादी तार पिनला टेकलेली असते. मग अँटेनाच्या पट्टीपासून ट्रकच्या चासीपर्यंत मोजावे. येथे उलट बझर वाजला पाहिजे आणि रोध एका ओहमच्या आतच हवा. आरशाच्या दांड्या रंगवलेल्या असतात, रबरी बुशांवर बसवलेल्या असतात आणि अनेक ट्रकांची केबिन फायबरग्लासची किंवा ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे पट्टी लोखंडाला घट्ट बोल्ट केलेली दिसली तरी विजेच्या दृष्टीने ती अधांतरी असू शकते. अशा वेळी पट्टीखालचा रंग खरवडून जाड विणलेल्या तारेची पट्टी चासीपर्यंत नेणे हाच उपाय. सीबीच्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर आहे. तिचा चतुर्थांश म्हणजे पावणेतीन मीटर, आणि आपला चार फुटी फायबरग्लासचा दांडा तार गुंडाळून त्या लांबीचे सोंग आणतो. उरलेले निम्मे काम ट्रकचे धातूचे अंग करते. अर्थिंग नाही म्हणजे अर्धा अँटेनाच नाही.

यानंतर एसडब्ल्यूआर मीटर लावावा. सेट आणि केबल यांच्यामध्ये जोडायचे हे छोटे उपकरण पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते दाखवते आणि नव्या सेटच्या तुलनेत ते फारच स्वस्त असते. मोकळ्या जागेत, इमारती व दुसऱ्या ट्रकांपासून दूर, दारे बंद करून चॅनल १, १९ आणि ४० वर वाचन घ्यावे. दीडच्या आत असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालवून घ्यावे. तीन आले तर चतुर्थांश शक्ती परत फिरते आहे असा त्याचा अर्थ, आणि ती सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या अंगावर येते. तीनच्या वर आकडा असताना बोलण्याचे बटण दाबूच नये. चॅनल ४० वरचे वाचन १ पेक्षा जास्त असेल तर अँटेना लांब झाला आहे, टोकाचा स्क्रू आत घ्यावा. १ वरचे जास्त असेल तर आखूड आहे, स्क्रू बाहेर काढावा. सगळ्याच चॅनलवर आकडा वर असेल तर स्क्रूशी खेळत बसू नये, दोष वर सांगितलेल्या शॉर्टमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे.

आपण अँटेना एक आहे की दोन हे लिहिलेले नाही. दोन्ही आरशांवर असतील तर प्रत्येकाकडे जाणारी केबल ७५ ओहमची असते. एकाच अँटेनासाठी ५० ओहमची वापरतात. दोनपैकी एक केबल तुटल्यावर हाताशी आली ती ५० ओहमची जोडून दिलेली मी पाहिली आहे. अशी जोडी पुन्हा कधी सुरात येत नाही. बदलायची तर दोन्ही बाजूंची मिळून संपूर्ण केबल बदलावी.

येथे थोडे विषयांतर, पण उपयोगी. हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या संचाची शक्ती निम्म्यावर आली, तेव्हा मी दोन रविवार घालवून आतला ट्रान्झिस्टर बदलला, मग तोही जळला, आणि तिसऱ्या रविवारी गच्चीवरच्या प्लगमध्ये पावसाचे पाणी सापडले. जुन्या अँटेनावर नवा सेट लावणाऱ्याचे नेमके हेच होते.

तिसरी तक्रार खरखरीची. इंजिन बंद करून किल्ली फक्त ॲक्सेसरीवर ठेवावी आणि ऐकावे. खरखर गेली आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ उरली नाही, तर मूळ अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. गेली नाही, तर एकेक वस्तू बंद करत जावे : मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम, इन्व्हर्टर, नंतर बसवलेले एलईडी दिवे. माझा पहिला संशय स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांवर आहे, कारण त्यांच्या आत व्होल्टेज बदलणारे सर्किट सतत चालू-बंद होत असते आणि ती धडधड थेट सीबीच्या पट्ट्यात येते. दोषी वस्तू सापडली तर तिच्या वायरीवर फेराइटचे (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे चढवावे किंवा ती बदलावी. सेटची वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलेली असेल तर ती काढून बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढावी, फ्यूज बॅटरीजवळ बसवावा आणि तो सेटच्या पुस्तिकेत लिहिलेल्या अँपिअरचाच असावा; चार वॉटच्या साध्या सेटला साधारण दोन अँपिअरचा असतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणाऱ्यांचे सेट मी जळलेले पाहिले आहेत. एक खरखर मात्र कोणाच्याच हातात नाही. सूर्यावरील डागांचे चक्र २०२४ च्या सुमारास टोकाला पोहोचले, आणि अशा काळात दिवसा वातावरणाचा वरचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परतवून हजार-दोन हजार मैलांवरचे बोलणे आपल्या कानात ओततो. दुपारी भलत्याच राज्यातले आवाज आणि रात्री शांतता असेल, तर सेट निर्दोष आहे.

ट्रक स्टॉपवरच्या ‘ट्यूनिंग’बद्दल माझे मत स्पष्ट आहे : नको. अमेरिकेच्या नियमांत एएम या नेहमीच्या पद्धतीत चार वॉट आणि एसएसबी (सिंगल साइडबँड) या दुसऱ्या पद्धतीत बारा वॉट ही मर्यादा आहे आणि वेगळा ॲम्प्लिफायर जोडणे बेकायदा आहे. दुकानदार बहुधा आवाजावरची मर्यादा उघडी करून देतो. त्याने मीटरचा काटा जास्त हलतो, समोरच्याला मात्र फाटका आवाज येतो आणि शेजारच्या चॅनलवरचे लोक शिव्या घालतात. शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट होत नाही. केबल नीट केली तर गेलेला पल्ला परत येतो.

हे सगळे झाल्यावरही शंका उरली तर एक निर्णायक चाचणी आहे. ज्याचा सीबी उत्तम चालतो अशा मित्राच्या ट्रकमध्ये, त्याच्या अँटेनावर आपला सेट जोडून पाहावा. तिथेही आवाज दबलेला आला, स्पीकरमध्ये एकसारखी गुरगुर राहिली तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले आहेत. नॉब फिरवताना कर्रकर्र होत असेल तर ते कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत बरे होते. कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही गेले असतील तर मजुरीचा खर्च नव्या सेटच्या जवळ जातो आणि तेव्हा बदलणे योग्य. (मित्राकडे जाण्याआधी दर्शनी भागावरचा सीबी-पीए खटका सीबीकडे आहे ना, हेही पाहावे; पीए म्हणजे आवाज हवेत न पाठवता भोंग्यावर सोडण्याची सोय. झोपेत कोपर लागून तो पीएवर गेला की माणूस दिवसभर हाका मारतो आणि हवेत काहीच जात नाही.)

नवा घ्यायचाच झाला तर दर्शनी दिव्यांना भुलू नये. ऐकण्याची संवेदनशीलता हाताने कमी-जास्त करता येणारा आरएफ गेन, खरखरीचे ठोके गाळणारा चांगला नॉइज ब्लँकर आणि हवामान खात्याच्या १६२ मेगाहर्ट्झवरील सात वाहिन्या ऐकण्याची सोय, एवढे असावे. केबिनमध्ये जागा कमी असेल तर सगळी बटणे हातातल्या माइकवर असलेले प्रकार मिळतात. २०२१ पासून अमेरिकेत सीबीवर एफएमलाही परवानगी आहे आणि आवाज त्यात स्वच्छ येतो, पण महामार्गावर १९ नंबरवर बोलणारे अजूनही एएमवरच आहेत, म्हणून केवळ एफएमसाठी जादा पैसे मोजू नयेत.

प्रश्न : माझे मावसभाऊ अमेरिकेतून येताना त्यांच्या ट्रकमधला जुना सीबी आणणार आहेत. माझ्या दोन गाड्या सांगली-मुंबई चालतात. त्यांत तो बसवता येईल का?
— एक ट्रकमालक, सांगली

उत्तर : बसवू नये. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो, पण पाच वॉटच्या मर्यादेत आणि उपकरणात अंगभूत अँटेना असेल तरच. ट्रकचा सीबी बाहेरच्या अँटेनाशिवाय चालत नाही, आणि अमेरिकी सेटचे २८ ते ४० हे चॅनल तर या पट्ट्याच्याही बाहेर पडतात. शिवाय परदेशातून रेडिओ आणताना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते, ती नसेल तर वस्तू विमानतळावरच अडकण्याची शक्यता आहे. तिसरी अडचण अगदी घरगुती : अमेरिकी ट्रकची वीज १२ व्होल्टची आणि आपल्याकडच्या बहुतेक अवजड गाड्यांची २४ व्होल्टची, तेव्हा थेट जोडला तर सेट पहिल्याच मिनिटात धूर सोडेल. आणि हे सगळे पार केलेत तरी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर १९ नंबर लावून बसल्यावर पलीकडून ‘बोला’ म्हणणारे कोणी नाही. मावसभावांना तो तिकडेच एखाद्या गरजू चालकाला देऊ द्यावा, माइकसकट.