'चिरलेली' की 'चिरून'?

प्रश्न असा आला आहे : जॅमची कृती मराठीत लिहिताना "एक कप चिरलेली स्ट्रॉबेरी" आणि "एक कप स्ट्रॉबेरी, चिरून" यांत फरक आहे का? आणि कपाऐवजी ग्रॅम द्यायचे तर आकडा कोणता धरायचा?

फरक आहे, आणि तो तराजूवर दिसतो.

'चिरलेली' हे धातुसाधित विशेषण. चिरण्याचं काम झालेलं आहे, त्या फोडी कपात भरायच्या. 'चिरून' हे धातुसाधित अव्यय, आणि मराठीत ते जिथे बसतं तिथे कामांचा क्रम ठरवतं. "स्ट्रॉबेरी चिरून एक कप" म्हणजे आधी चिरा, मग मापा. "एक कप स्ट्रॉबेरी चिरून" म्हणजे आधी मापा, मग चिरा. शब्द तेच, एकाची जागा हलली की कपातला माल बदलतो. मला मराठीचं हे फार आवडतं.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर, अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम भरते. अर्धे तुकडे केले तर १५२, काप केले तर १६६, आणि वाटून गर केला तर २३२. शेवटचा आकडा पाण्याच्या अगदी जवळ जातो, कारण तेवढ्याच कपात पाणी २३७ ग्रॅमच्या आसपास मावतं. फळ तेच, फक्त फळांमधली पोकळी कमी कमी होत गेली. म्हणून "एक कप स्ट्रॉबेरी म्हणजे किती ग्रॅम" याला एक उत्तर नाही. कृतीत चार कप लागत असतील तर 'आधी मापा' वाचणारा ५७६ ग्रॅम फळ घेईल आणि 'आधी चिरा' वाचणारा ६६४. साखर मात्र दोघं सारखीच घालणार, म्हणजे पहिल्याचा जॅम जास्त गोड होणार.

वजनात लिहिलं की हा घोळ मिटतो. २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरली तरी २०० ग्रॅमच. पण 'चिरून'च्या जागी 'सोलून' आलं की वजनातही तोच प्रश्न उभा राहतो. "२०० ग्रॅम केळी सोलून" यात सालही तोललं जातं, आणि केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सालाचा असतो. "२०० ग्रॅम सोललेली केळी" यात नुसता गर. चिरण्याने फक्त माप बदलतं. सोलण्याने किंवा बी काढण्याने वजनही बदलतं. लिहिताना हा भेद मनात असावा.

'भर'बद्दलही थोडं. 'वाटीभर' आणि 'किलोभर' दोन्ही आपण सहज म्हणतो, पण पहिलं माप आहे, दुसरं वजन. जुना 'शेर' तर दोन्हीकडे चालायचा, धान्य मापायलाही आणि तोलायलाही. त्या सवयीमुळेच बहुधा आपण 'एक वाटी' म्हणून मोकळे होतो आणि ती सपाट की शिगोशीग, हे सांगत नाही. बेदाण्यांची गोष्ट घ्या : त्याच तक्त्यात कपात सैल भरले तर १४५ ग्रॅम, दाबून भरले तर १६५. 'दाबून' हा एक शब्द तिथे वीस ग्रॅमचा आहे.

तुमच्या ओळीसाठी माझी सूचना : मूळ कृतीत फळ चिरून मग मापायचं असेल तर "स्ट्रॉबेरीचे काप, १ कप (१६६ ग्रॅम)" असं लिहा. अख्खी मापायची असेल तर "अख्खी स्ट्रॉबेरी १ कप (१४४ ग्रॅम), नंतर काप करावेत". दुसऱ्या ओळीतला 'नंतर' गाळू नका.